टेकल्यानंतरचं काम

ज्याला स्वतःचं विमान सरळ उतरवता येत नाही त्याने दुसऱ्याच्या लँडिंगवर बोलू नये, एवढीच माझी अपेक्षा होती. आमच्या फ्लाइंग क्लबात ती कुणी पाळत नसे. मानेसरला गाड्यांच्या सुट्या भागांचा कारखाना असलेले एक गृहस्थ तर मुळीच नाही. शेपटीखाली चाक असलेलं एक जुनं विमान त्यांनी हौसेने घेतलं होतं. ते क्लबला वापरायला द्यायचं आणि रविवारी हँगरपुढे खुर्ची टाकून शेरे मारायचे, हा त्यांचा छंद.

मी राजधानीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमधून तिथे जायचे. लायसन्स होतं, पण नाकाखाली चाक असलेल्या विमानावर मिळवलेलं. ते टेकलं की आपसूक सरळ धावतं. हे शेपटीचाकाचं जरा तिरकं टेकलं की याची शेपटीच पुढे यायला बघते.

ते शिकायला घेतलं त्या पहिल्या दिवशी मी टेकले, उसळले, पुन्हा टेकले आणि थेट गवताकडे निघाले. मागच्या सीटवरच्या इन्स्ट्रक्टरबाईंनी सावरलं. खाली उतरले तर गृहस्थ म्हणाले, "मॅडम, ये आपकी स्कूटी नहीं है." भोवतीची मंडळी हसली. यांतल्या एकानेही त्या विमानाला कधी हात लावलेला नव्हता.

इन्स्ट्रक्टरबाई हवाई दलातून निवृत्त झालेल्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी विचारलं, "ज़मीन छूते ही आपके पैर सो क्यों जाते हैं?"

मला पत्ताच नव्हता. जुन्या सवयीने मी टेकल्यावर सुटकेचा श्वास सोडत होते आणि दिशा सांभाळणारे पाय पेडलवर नुसते ठेवून देत होते.

"काम तो वहीं से शुरू होता है," त्या म्हणाल्या.

हिवाळाभर तेच केलं. धुरकं विरलं की उडायचं. उतरताना नाक वर असतं, समोरचं दिसत नाही. म्हणून धावपट्टीच्या दोन्ही कडा नजरेच्या कोपऱ्यांत धरायच्या, दांडी पोटाशी ओढायची आणि विमान पूर्ण थांबेपर्यंत पाय चालू ठेवायचे. घरी जेवताना नवरा म्हणायचा, "अगं, टेबल हलतंय." एखादं लँडिंग सुरेख जमायचं, पुढच्या रविवारी पुन्हा बेडूकउड्या. सुरेख लँडिंगचं कौतुक बाईंनी कधीच केलं नाही. "एक तो किसी से भी हो जाता है," म्हणायच्या. मग मलाही त्याचं काही वाटेनासं झालं.

फेब्रुवारीत गृहस्थ पाहुण्यांना घेऊन आले आणि स्वतः उडाले. टेकल्यावर विमान गर्रकन फिरलं आणि आल्या दिशेला तोंड करून गवतात थांबलं. पंख घासला. "हवा ने धोखा दिया," ते म्हणाले. मला हसणारी मंडळी गंभीरपणे माना डोलावत राहिली. त्या मानांची मला जास्त किळस आली.

दुरुस्तीनंतर ते काही पुढच्या सीटवर बसेनात. बाईंनी तिथे चालवायला मला बसवलं, त्यांना मागे. वारा आडवा होता. मी तीनदा उतरले, तिन्ही वेळा मधल्या रेषेवर, पाय एक क्षणही न थांबवता.

गृहस्थ खाली उतरले, कोट झटकला. "आज हवा बिल्कुल शांत थी."

वाऱ्याचा जोर दाखवणारी कापडी पिशवी खांबाला काटकोनात ताठ फुगली होती. मी तिकडे बोट दाखवलं नाही. "एक और राउंड लगाएँ?" एवढंच विचारलं.

त्यांची कंबर दुखत होती म्हणे.