परातीतलं नाव, कार्डावरचं नाव

मंगल, सरक अशी जवळ. दीड महिना झाला तुझ्या आईला जाऊन, आणि तू अकोल्याच्या जुन्या शहरात रुसून बसलीस. आत्याचा फोनही उचलत नाहीस. काहून व? म्हणून इथं पेपरात लिहून राहिले. पेपर तरी वाचशील...

तुझी आई, माझी भावजय, भातकुलीला लग्न होऊन आली तेव्हा तिचं नाव शेवंता होतं. मी नणंद. परातीत तांदूळ पसरले, माझ्या भावाच्या हाती अंगठी दिली आणि म्हटलं, लिही, सुलोचना. शेवंता मला हलकं नाव वाटलं. रेशन कार्डावर सुलोचनाच लागली. आधार काढताना मात्र गुपचूप शाळेचा दाखला घेऊन गेली आणि शेवंता होऊन आली. म्हणे, "सरकारनं तरी मले माह्या नावानं ओळखावं."

दर दिवाळीला करंज्या लाटताना, दवाखान्याचा खर्च कोणी करावा यावरून आमचा वाद पेटायचा. मी म्हणायची, "सरकार काय तुहा जावई हाये, दुखणं काढाले? विमा आपला आपण काढावा."

"रस्ता सरकारचा, शाळा सरकारची, मंग दुखणंच काहून माह्या एकटीचं?"

"फुकट भेटलं तर डोकं दुखलं तरी लोक भरती होतीन."

"होऊ द्या. तुमाले पेन्शन हाये, ताई."

मग तिच्या हृदयाची झडप खराब झाली. अमरावतीच्या दवाखान्यात मीच सोबत होते. माझ्या विम्यात भावजय बसत नव्हती. सारा भरवसा रेशन कार्डावर मिळणाऱ्या सरकारी मोफत इलाजावर. खिडकीतल्या माणसानं कागद पाहिले. "रेशनवर सुलोचना, आधारवर शेवंता. दोन बाया झाल्या, आजी. नाव दुरुस्त करून आणा."

ती बाकावर धापा टाकत होती. आणि मंगल, खरं सांगते, मला जिंकल्यासारखं वाटलं... मी म्हटलं, "पाह्य, हे तुहं सरकार!"

तिनं पदरानं तोंड पुसलं. "सरकारची एकच चूक झाली, ताई. तुमी लिहिलेलं त्यानं खरं मानलं."

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. तिला तीनच दिवस मिळाले. दुरुस्त रेशन कार्ड तेरवीच्या दिवशी आलं, शेवंता नावाचं.

परात माझ्याकडेच आहे. तांदूळ निवडायला घेतले की बोट आपोआप फिरतं, 'शे' काढतं, आणि थांबतं...

तुझंही नाव सासरी बदललं ना? मग लवकर ये. भांडायला ये, पण ये. आणि येताना तुझे सगळे कागद घेऊन ये.