सुभानरावांची गाडी का तापत होती

सुभानराव खानविलकरांनी सारी नोकरी एका रासायनिक कारखान्याच्या फाटकावर काढली. भोंगा झाला की बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाचा डबा उघडून बघायचा, पिशवीत हात घालायचा, साहेबाच्या गाडीची डिकीसुद्धा सोडायची नाही. पणजोबा बडोदे संस्थानाच्या फौजेत पहाऱ्यावर होते, तेव्हा संशय आपल्या रक्तातच आहे, असं ते अभिमानाने सांगत. नोकरी संपली तरी नजर काही निवृत्त झाली नाही. बडोद्याच्या निजामपुऱ्यातल्या त्यांच्या सोसायटीत नवा माणूस शिरला, की सुभानराव गॅलरीतून खणखणीत आवाजात विचारत, "कोनुं काम छे? कुणाकडे जायचंय?"

अशा माणसाची गाडी तापायला लागली.

गाडी जुनी होती, पण कधी रस्त्यात बसली नव्हती. त्या उन्हाळ्यात मात्र फतेहगंजच्या पुलापर्यंत गेलं तरी तापमानाचा काटा वर चढायला लागला. सुभानरावांनी बॉनेट उघडून पाहिलं, तर इंजिन गार ठेवणाऱ्या कूलंटची बाटली जवळजवळ रिकामी. त्यांनी ती भरली. चार दिवसांनी पुन्हा रिकामी. गाडीखाली वर्तमानपत्र पसरून ठेवलं. सकाळी ते कोरडं ठणठणीत होतं.

"गळत नाही आणि कमी होतंय. म्हणजे कुणीतरी काढून नेतंय," ते बायकोला म्हणाले.

"कूलंट कोण चोरेल?" मृदुलाबाई म्हणाल्या. "आणि हो, गाडीत माझ्या बाजूला खाली ओलं लागतंय. चप्पल भिजली काल."

"तुझ्या पाण्याच्या बाटलीचं झाकण नीट लावत जा."

"पाणी नाही ते. गुळचट वास येतो."

"मग सरबत सांडलं असशील."

मृदुलाबाईंनी दोनतीनदा सांगून पाहिलं. दर वेळी सुभानराव त्यांच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवून बघत. शेवटी त्यांनी सांगणं सोडलं आणि त्या रिक्षाने जायला लागल्या.

सुभानरावांचा पहिला संशय समोरच्या जगदेवरावांवर गेला. त्यांची गाडीही त्याच जातीची, आणि ती बरी तापत नव्हती! एक दिवस पार्किंगमध्ये चार लोकांसमोर सुभानरावांनी विचारलं, "तुमच्या गाडीत कूलंट कुठून येतं हो?" जगदेवराव पाठ फिरवून निघून गेले. त्या दिवसापासून त्यांनी बोलणंच टाकलं. हे तर सुभानरावांना जास्तच संशयास्पद वाटलं.

मग ते प्रतापनगरला जयंतीभाईंच्या गॅरेजवर गेले. जयंतीभाईंनी रेडिएटर पाहिला, पाईप चाचपले. "काका, गाडी अहीं मूकी जाव. प्रेशर देऊन बघावं लागेल," ते आपल्या गुजराती-मराठीत म्हणाले.

"माझ्यासमोर काय ते बघा."

"समोर कसं? वेळ लागेल. इंजिन गार व्हायला पाहिजे."

गाडी गॅरेजात एकटी ठेवायची म्हणजे आतले चांगले भाग बदलून घ्यायला मोकळं रानच. सुभानरावांनी बॉनेट आदळलं आणि गाडी परत आणली.

आता घरातच एक नवं कोडं उभं राहिलं. मृदुलाबाई रोज दुपारी रिक्षाने मांडवीला जायच्या. "निरुपमाच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, तिला औषधाचे थेंब घालायला जाते," त्या म्हणाल्या होत्या. पण या मैत्रिणीच्या घरी माणसं काय कमी आहेत? सुभानरावांना राहवेना. एका दुपारी मृदुलाबाई खाली उतरल्या तसे ते गॅलरीतून बघत राहिले आणि रिक्षा वळताच गाडी काढून मागे निघाले.

त्यांची सगळी नजर त्या रिक्षावर होती. काट्याकडे बघायचं राहूनच गेलं. मांडवीच्या गर्दीत गाडी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. बांगड्यांच्या दुकानापाशी मृदुलाबाई उतरल्या आणि एका जिन्यात दिसेनाशा झाल्या. सुभानराव मान वाकडी करून बघतायत, तोच समोरून वाफेचा लोट उठला. मागच्या गाड्यांनी हॉर्नचा गजर सुरू केला.

ते उतरले. बॉनेट वर केलं. आत खदखदत होतं.

चपलांच्या दुकानातला एक माणूस धावत आला. "काका, ढांकणुं ना खोलशो! दाझी जशो!"

झाकण उघडू नका, भाजेल, एवढं सुभानरावांना कळलं. पण हा अनोळखी माणूस इतक्या तातडीने का येतोय? आपल्याला बाजूला करून याला काहीतरी उलटसुलट करायचं असणार. त्यांनी रुमाल गुंडाळला आणि रेडिएटरचं झाकण फिरवलं.

उकळतं पाणी फवाऱ्यासारखं उडालं. सुभानरावांचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. ते ओरडलेसुद्धा नाहीत. नुसते रस्त्यावर बसले.

त्याच चपलांच्या दुकानदाराने त्यांना उचलून फळीवर बसवलं, पाण्याचा जग आणला आणि हातावर सावकाश धार धरली. गलका ऐकून वरच्या गॅलरीत कुणीतरी डोकावलं. मृदुलाबाई होत्या. हातात डोळ्यांच्या औषधाची छोटी बाटली, आणि मागे काळा चष्मा लावलेली निरुपमा.

त्या धावत खाली आल्या. तुम्ही इथे कसे, हे त्यांनी विचारलं नाही. आधी हात पाहिला, मग जयंतीभाईंना फोन केला. जयंतीभाई स्कूटरवरून आले. ते इंजिनाकडे वळणार, तेवढ्यात मृदुलाबाई म्हणाल्या, "मला गाडीतलं काही कळत नाही. पण गाडीत माझ्या पायाशी रोज ओलं असायचं."

जयंतीभाईंनी बाजूचं दार उघडलं, खालचा गालिचा उचलून पिळला. हिरवट पाणी टपटपलं. त्यांनी बोट नाकाशी नेलं.

"हीटर लीक छे," ते म्हणाले. "बडोद्यात हीटर कोण लावतंय? पण इंजिनचं पाणी त्यातून फिरतंच. त्याची जाळी सडली. सगळं गाडीच्या आत झिरपलं, म्हणून खाली जमिनीवर थेंब नाही. बेन, आधी का नाही सांगितलं?"

सुभानराव आपल्या भाजलेल्या हाताकडे बघत होते.

"तिने सांगितलं होतं," ते म्हणाले. "मी ऐकलं नाही."

जयंतीभाईंनी गाडी दुसऱ्या गाडीला दोराने बांधून गॅरेजला नेली. डाव्या हाताने किल्ली देताना सुभानरावांचे ओठ हलले, पण 'माझ्यासमोर बघा' ही अट काही बाहेर पडली नाही. जयंतीभाईंनी हीटरकडे जाणारे दोन पाईप एकमेकांना जोडून टाकले, पाण्याचा मार्ग धुतला, नवं कूलंट भरलं. गाडी परत आली तेव्हा काटा मध्यावर थांबला तो तिथेच राहिला. पुढे हात बरा झाल्यावर दोघं हालोलला मुलीकडे भर दुपारी जाऊन आली.

जगदेवरावांचं काय करायचं, हे मात्र उरलंच. "तू एकदा जाऊन ये ना त्यांच्याकडे," सुभानराव म्हणाले.

"चार लोकांसमोर मी बोलले होते का?" मृदुलाबाई म्हणाल्या.

मग सुभानरावच गेले. घंटा वाजवली. आत पावलं आली आणि थांबली. दारावरच्या भोकातून कुणीतरी बघत होतं, बराच वेळ. दार उघडलं ते साखळी तशीच ठेवून, चार बोटं.

"काय काम आहे?" जगदेवरावांनी विचारलं.

"चूक माझी होती," सुभानराव म्हणाले. "गाडी आतूनच गळत होती. चार लोकांसमोर बोललो, तर चार लोकांसमोरच परत घेतो. केव्हा ते तुम्ही सांगा."

जगदेवरावांनी त्यांच्याकडे पाहिलं, हातावरच्या गुलाबी कातडीकडे पाहिलं. साखळी निघायला वेळ लागला, पण निघाली.