पाय तपासले, हात दिसला

माझ्या पायाला भिंगरी आहे, असं माहेरी सगळे म्हणायचे, आणि ते खरंच आहे. मला एका जागी बसवत नाही. ऑफिसातही शिपायाची वाट न बघता मी स्वतः दोन मजले चढून फाइल नेऊन द्यायचे आणि वरचे साहेब त्याला कर्तव्यदक्षता समजायचे. त्यामुळे मुलीने एका शर्यतीत तिच्याबरोबर माझंही नाव घातलं, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. पण पळायचे शूज घ्यायच्या आधी म्हणे गेट अ‍ॅनालिसिस करावं लागतं.

"गेट म्हणजे?" मला एक सोसायटीचं गेट माहीत होतं आणि दुसरी ती इंजिनीअर मुलांची परीक्षा.

"अगं, गेट म्हणजे चाल. तू कशी चालतेस ते मशीनवर बघतात. मग त्याप्रमाणे शूज देतात."

माझी चाल याआधी एकदाच तपासली गेली होती, कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात. सासूबाईंनी "जरा पाणी आण बरं आतून" म्हणून मला स्वयंपाकघरापर्यंत चालवून बघितलं होतं. त्यात मी पास झाले होते, त्यामुळे या परीक्षेची मला काही धास्ती वाटली नाही.

दुकान नोएडात, एका मॉलमध्ये. ट्रेडमिल, तिच्या मागे कॅमेरा, समोर मोठा पडदा. दुकानातल्या तरुणाने सांगितलं, "आंटीजी, बिल्कुल नॉर्मल चलिए." कोणी नॉर्मल चाल म्हटलं की माणसाला चालायचं कसं तेच आठवत नाही. पण दोन मिनिटांत मी रमले. मग त्याने वेग वाढवला आणि मी चक्क पळाले. उतरले तेव्हा घामाघूम झाले होते आणि स्वतःवर भलतीच खूश होते.

त्याने पडद्यावर आधी माझ्या टाचा दाखवल्या, त्यांवर रेघा मारल्या. डावं पाऊल आत कलतं, त्याला आधार देणारा शूज लागेल, वगैरे. मुलगी मान डोलावत होती. मग त्याने चालतानाचा डोक्यापासून पायापर्यंतचा व्हिडिओ लावला. ते दोघं माझ्या टाचा बघत होते. मला मात्र माझा हात दिसला. उजवा हात छान पुढे-मागे जात होता. डावा कोपरात दुमडून बरगडीला चिकटला होता, आणि काही केल्या हलत नव्हता.

"एक बार फिर दिखाना," मी म्हटलं. त्याला वाटलं आंटींना विषयात रस आहे. त्याने हौसेने पुन्हा लावला. हात तसाच. मी पडद्याच्या अगदी जवळ गेले.

कारण हा हात मी आधी पाहिला होता. आईची बोटं थरथरायला लागली तेव्हा पुण्याच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, जुना एखादा व्हिडिओ आहे का? भावाच्या लग्नाची कॅसेट होती. तीत आई मांडवातून लगबगीने विहीणबाईंना शोधत चालली होती. उजवा हात हलत होता आणि डावा शिवून टाकल्यासारखा अंगाला चिकटलेला. डॉक्टर म्हणाले, सुरुवात तेव्हाच झाली होती, तुमच्या कोणाच्या लक्षात आलं नाही. पुढची काही वर्षं आईने चहा बशीत घेतला, मग चमच्याने, मग तोही सांडायला लागला. शेवटी तिच्या चेहऱ्यावर राग की हसू, तेही कळेनासं झालं.

"कंपवात," माझ्या तोंडून निघून गेलं.

"काय?" मुलीने वळून विचारलं. "वात म्हणजे गॅस ना? पळालीस म्हणून झाला असेल. घरी जाऊन ओवा खा."

दिल्लीत वाढलेली पोर. आजीच्या दुखण्याचं तिला फक्त इंग्रजी नाव माहीत. मी तो शब्द तसाच जाऊ दिला. शूजचा रंग आवडला नाही असं काहीतरी सांगितलं आणि दुकानातून बाहेर पडले. रिकाम्या हाताने परतणाऱ्याला आपण 'हात हलवत आला' म्हणतो. मला तर तेवढंही जमलं नव्हतं.

त्यानंतरचे दिवस कसे काढले, माझं मला माहीत. मयूर विहारच्या आमच्या फ्लॅटमधल्या लांबट पॅसेजमध्ये मी आरशाकडे चालत यायचे. लक्ष दिलं की हात हलायचा. पण लक्ष नसताना तो काय करतो हे कसं कळणार? त्याच्याकडे लक्ष गेलं की तो हलतोच! मेट्रोत मी लोकांचे हात बघत सुटले. सगळ्यांच्या हातात फोन, कोणाचाच हात हलेना. अख्खी दिल्लीच आजारी वाटायला लागली. नवरा दौऱ्यावर होता. त्याला सांगितलं असतं तर रात्रीपर्यंत साऱ्या खानदानात बातमी गेली असती. मग घरात उरली मुलगी, आणि मी तिच्यावरच खेकसायला लागले. भीती माझ्यापुरती असती तर कदाचित गिळली असती. पण आईचं माझ्यात आलं असेल, तर माझ्यातून पुढे कुठे जाणार?

एका सकाळी तिने मला पॅसेजमध्ये पकडलं. "आई, काय यार, परेड चालू आहे का?"

मी आधी तिच्यावर ओरडले आणि मग रडले. आजीचं दुखणं, ती कॅसेट, माझा व्हिडिओ, सगळं सांगून टाकलं. ती हसली नाही. फोन काढून तिने डॉक्टरांची वेळ घेतली.

डॉक्टर वयस्कर, शांत गृहस्थ होते. त्यांनी माझी बोटं एकमेकांवर आपटायला लावली, मनगट फिरवून बघितलं, चार ओळी लिहून घेतल्या, कॉरिडॉरमधून चालवलं. मग विचारलं, "पर्स किस कंधे पर टाँगती हैं?"

"लेफ्ट."

"कब से?"

"जब से नौकरी लगी."

"बस से जाती थीं?"

"जी. मेट्रो तो बाद में आई."

त्यांनी मान हलवली. "अकड़न कहीं नहीं है. हाथ बिल्कुल ठीक है. बस, इसको दबाकर रखने की आदत पड़ गई है."

मी खो-खो हसले. त्यांचे इतक्यांदा आभार मानले की शेवटी मुलीने मला ओढत बाहेर आणलं.

परतताना मेट्रो यमुनेवर आली आणि माझं हसू मावळलं, राग यायला लागला. हीच नदी मी वर्षानुवर्षं बसमध्ये उभी राहून ओलांडली होती. उजव्या हाताने वरची दांडी पकडायची. डाव्या कोपराखाली पर्स आणि पर्सआड छाती. पदराची पिन काढून मुठीत धरायची. मागचा पुरुष कोण, तोंड न वळवता ओळखायचं. ऑफिसात पोचलं की पिन परत लावायची आणि कामाला लागायचं. आता केस पांढरे झाले, कोणी धक्का मारत नाही, पण कोपराला ते कोणी सांगितलंच नव्हतं. पायाला भिंगरी असलेली मी, आणि माझा अर्धा देह इतकी वर्षं दबून चालला होता!

मुलीला यातलं मी कधीच सांगितलं नव्हतं. त्या दिवशी भर डब्यात सांगितलं, आजूबाजूला मराठी कळणारं कोणी दिसत नव्हतं म्हणून चांगलं मोठ्या आवाजात. शेवटी म्हटलं, "जाऊ दे. तुमचं बरं आहे. मेट्रो आली, बायकांचा वेगळा डबा आला. तुम्ही सुटलात."

ती खिडकीबाहेर बघत होती.

"माझा उजवा आहे, आई," ती म्हणाली. "ऑफिसची शेअर कॅब असते ना, त्यात मी डावीकडच्या खिडकीशी बसते. मग उजवं कोपर असं ठेवावं लागतं." आणि तिने ते ठेवून दाखवलं.

हे सगळं तिने बुटाचा नंबर सांगावा तसं सांगितलं.