थीब्सच्या जोड्या

जानेवारीतल्या एका मंगळवारी तो गेला. हॉस्पिटलच्या फॉर्मवर मृताशी नातं विचारलं होतं. मी ‘रूममेट’ लिहिलं.

दुबईतल्या अल कुसैसच्या फ्लॅटमध्ये आम्ही अकरा वर्षं एकत्र काढली होती. तो साइटवर सर्व्हेयर होता आणि सुट्टीच्या दिवशी इतिहास वाचायचा. आमच्या मराठी मंडळाच्या शिवजयंती स्मरणिकेसाठी त्याने जुन्या योद्ध्यांवर चार पानं लिहून दिली होती. त्यांत ग्रीसमधल्या थीब्सची तुकडी होती, एकमेकांवर प्रेम करणाऱ्या पुरुषांच्या दीडशे जोड्यांची. शेजारी आपलं माणूस उभं असताना शत्रूला पाठ कोण दाखवेल? शेवटच्या लढाईत ती तुकडी माघार न घेता जागेवरच पडली. मग सामुराईंमधली प्रेमं. आणि शेवटी कबरी: शस्त्रं सापडली म्हणून सांगाडे पुरुषांचे ठरवले, पुढे ते बायकांचे निघाले.

“लेबल लावणाऱ्यांना घाई असते,” तो म्हणायचा. “आपल्याला कुणी खणून काढलं, तर खाली लिहितील, रूममेट.”

तेव्हा आम्ही खूप हसलो होतो.

दहाव्या दिवशी मंडळाचे सेक्रेटरी घरी आले. माझ्या हातचा चहा घेतला.

“सर, लेख पहिल्या पानावर घेतोय, श्रद्धांजली म्हणून. फक्त त्या थीब्सच्या जोड्या आणि ते जपान काढू या. फॅमिली अंक आहे. आणि आपण कुठे राहतो, माहितीये ना?”

“बायकांच्या कबरी?”

“त्या चालतील हो! महिला दिनालाही वापरता येतील.”

“मग थीब्सचं काय उरेल?”

“शौर्य, सर. शौर्य ठेवू की.”

“ते त्या जोड्यांचंच होतं,” मी म्हणालो. “पानं परत द्या.”

“हट्ट करू नका. त्याचं नाव छापून येईल.”

“अर्ध्या लेखाखाली त्याचं नाव नको.”

त्यांनी बॅगेतून पानं काढून टेबलावर ठेवली. निघताना त्यांची नजर आतल्या खोलीकडे गेली. तिथे एकच पलंग आहे. ते हळू आवाजात म्हणाले, “सांभाळून राहा, सर.”

“अकरा वर्षं तेच केलं,” मी म्हणालो आणि आतलं दार उघडंच ठेवलं.

स्मरणिका त्याच्या लेखाशिवाय निघाली. चारही पानं माझ्याकडे आहेत. शेवटच्या पानावर त्याच्या नावाखाली मी माझं नाव लिहिलं आहे, आणि त्यापुढे नातं: जोडीदार.