शेवटची वीत टाचेनं

आक्काचा फोन आला तेव्हा मी मोहालीच्या फ्लॅटच्या गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होतो. "दाजी गेले रे," एवढंच म्हणाली. सकाळी चहा घेता घेता, खुर्चीतच. पाणी कुंडीतून ओसंडून खाली सांडायला लागलं, खालच्या मजल्यावरच्या बाई "ओ जी, पानी!" म्हणून ओरडल्या, तरी माझ्या हातातली नळी तशीच... पण खरं सांगतो, माझ्या मनात पहिला विचार बहिणीचा आला नाही आणि तिच्या नवऱ्याचाही आला नाही. पहिला विचार आला तो असा : आता ते चाक कुणी उघडून बघणार नाही. सुटलो.

अशा माणसाने स्मृतिलेख लिहू नये. तो मागणाऱ्या वर्तमानपत्राच्या पुरवणीच्या संपादिकाबाईंना मी तसं सांगितलंही. त्या म्हणाल्या, "चार चांगले शब्द तर लिहाल?" दाजींविषयी चार चांगले शब्द माझ्यापाशी कधीच नव्हते. त्यांच्यापाशीही माझ्याविषयी नव्हते. तीस वर्षं आम्ही एकमेकांना कवडीची किंमत दिली नाही, आणि तेही आक्काच्या हातची भाकरी एकाच पंगतीला बसून खाताना.

दाजी म्हणजे रघुनाथ काटकर, मूळचे कराडकडचे. चंदीगडला सेक्टर ३९ मधल्या संशोधन संस्थेच्या वर्कशॉपमध्ये त्यांची नोकरी झाली. शास्त्रज्ञांनी कागदावर काढलेलं यंत्र लोखंडात उतरवायचं हे काम, आणि ते करताना त्या शास्त्रज्ञांची अक्कल काढायची हा छंद. "पेन्सिलीला काय, कुठंही वळती," म्हणायचे. मी सेक्टर ३२ च्या रुग्णालयात हाडांचा सर्जन म्हणून रुजू झालो तेव्हा पहिलं वर्षभर त्यांच्याच क्वार्टरमध्ये राहिलो. त्या वर्षातच माझं मत पक्कं झालं, की हा माणूस आयुष्य फुकट घालवतो आहे. कारण होती एक गाडी. माझ्या वडिलांपेक्षा वयाने मोठी, हिरवी, उघड्या टपाची. पटियाळ्याजवळच्या कुठल्याशा भंगारातून आणलेली. वर्षातून चार वेळा चालायची आणि उरलेले सगळे रविवार दाजी तिच्याखाली झोपलेले असायचे. लोक देवळात जातात, हे गाडीखाली जातात, असं मी आईला पत्रात लिहिलं होतं.

त्या गाडीचे टायर आजच्या दुकानात कुणी हातात घेत नाही. मशीनवर चढवले तर जुनी रिम वाकते. ते हातानेच काढावे आणि बसवावे लागतात. त्यासाठी दाजींनी ट्रकच्या पाट्याचं लोखंड तापवून तीन टॉमी घडवल्या होत्या, म्हणजे टायरची कड उचलायच्या हातभर लांबीच्या चपट्या पट्ट्या. त्यांची टोकं कानशीने घासून इतकी गुळगुळीत केलेली, की गालावर फिरवली तरी ओरखडा येऊ नये. महिनाभर घासत होते. महिनाभरात मी चाळीस माणसांची हाडं जुळवली असती. शिवाय शिसवी हातोडा, साबणाच्या पाण्याचा डबा आणि ट्यूबला लावायची पावडर. हा सगळा संसार गुंडाळायला खणाखणांची एक लांब पिशवी शिवलेली, आणि ती कशाची, तर आक्काच्या इरकलीची. आईने दिलेल्या इरकलीची! मी संतापलो. आक्का म्हणाली, "फाटली होती. मीच शिवली. तुला काय कळतंय?"

मला कळत नाही, हे त्या घरात सगळ्यांचं एकमत होतं. एकदा दाजींनी मला टायर बसवायला बसवलं. टायरची कड रिममध्ये सरकवत आणायची, तीनचतुर्थांश सहज जाते, पण शेवटची वीतभर कड अडते. तिथे घाईचा माणूस टॉमी घालून जोर करतो, आणि आतली ट्यूब लोखंडाखाली चिमटते. दाजींचा नियम ठरलेला. समोरची कड रिमच्या खोलगट भागात दाबायची, मग इकडे ढील मिळते, आणि शेवटची वीत टाचेने ढकलायची. मी अर्थातच टॉमी घातली. ट्यूबला शेजारी शेजारी दोन चिरा पडल्या. ती ट्यूब दाजींनी दिवाळीच्या फराळाला आलेल्या प्रत्येक मराठी कुटुंबाला दाखवली. "हे आमच्या पाव्हण्यांचं ऑपरेशन. पेशंट दगावला." डॉक्टर मंडळी पोट धरून हसली. मी चकलीचा तुकडा मोडत बसलो आणि मनात म्हणालो, मिस्त्री तो मिस्त्रीच.

जुन्या गाड्यांचा तो क्लब तर विचारूच नका. कोटाच्या खिशात रुमाल खोचलेले साहेब, चकचकीत गाड्या, आणि चाक पंक्चर झालं की सगळे फोन काढून उभे. मग "काटकर जी, ज़रा देखना यार," अशी हाक यायची, आणि दाजी रस्त्यावर गुडघे टेकून ती इरकल उलगडायचे. साहेब लोक तोवर सावलीत सरबत प्यायचे. काम झालं की दाजी मला ऐकू जाईल इतपत मराठीत म्हणायचे, "गाडी बापाची, टायर बी बापानंच बदलायचा का?" तेवढ्या एका बाबतीत आमचं पटायचं. तुच्छता वाटून घ्यायला आम्हाला तिसरा माणूस लागायचा.

गेल्या वर्षी दाजींना अर्धांगाचा झटका आला आणि डावा हात लुळा पडला. जोर लावायचा नाही, ओणवं व्हायचं नाही, हे मीच बजावलं होतं. यंदा थंडी सरताना क्लबची मिरवणूक होती आणि मागच्या चाकाला नवी ट्यूब घालायची होती. मी रविवारी गेलो तेव्हा दाजी गॅरेजमध्ये स्टुलावर बसून होते. "पाव्हणं, आज तुमचे हात उसने द्या." मला दुपारी एकाकडे जेवायला जायचं होतं. तरी बसलो. शेवटची वीत आली आणि अडली. मी टाच लावली, ती घसरली. पुन्हा लावली. घड्याळ बघितलं. आक्का चहा घेऊन आली, दाजी कप घ्यायला वळले, आणि मी टॉमी घातली. लोखंडाखाली काहीतरी मऊ दबलेलं मला कळलं. सर्जनच्या हाताला ते कळतंच. हवा भरली, चाक टणक झालं.

"झालं?" दाजींनी विचारलं.

"झालं."

"टाचेनं?"

"टाचेनं."

ते चाकाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "वा, पाव्हणं."

तीस वर्षांतला पहिला 'वा'. मी गाडीत बसून जेवायला निघालो तेव्हा मनात शरम नव्हती. म्हातारा फसला, याचा आनंद होता. त्यानंतर बाराव्या दिवशी आक्काचा तो फोन आला.

शोकसभेला क्लबचे अध्यक्ष आले. त्यांना दाजींची हत्यारं हवी होती. निकेलचा मुलामा देऊन काचेच्या पेटीत लावणार होते. मुलामा दिला की टॉमी घसरते, हे मलासुद्धा माहीत आहे. माझी भाची मुक्ता म्हणाली, "नहीं अंकल, पापा ने ये मामा के लिए बोला है," आणि तिने ती इरकलीची गुंडाळी माझ्या मांडीवर आणून ठेवली.

लोक गेल्यावर मी गॅरेजमध्ये गेलो. हवा उतरून चाक बसलेलं असणार हे मला ठाऊक होतं. पण चाक टणक होतं. मागे आक्का येऊन उभी राहिली.

"तू गेलास त्याच संध्याकाळी हवा उतरली," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी चाक उघडून बसले. एका हातानं. तीन दिवस लागले. मी म्हटलं, त्याला फोन करते. तर म्हणाले, नको. आत्ता कुठं वा म्हटलंय, राहू दे की."

त्या तीन दिवसांच्या ओढाताणीने ते गेले का? डॉक्टर म्हणून मला सांगता येणार नाही. कुणालाच येणार नाही. पण तोंड दाबून तो माणूस तीन दिवस माझी चूक निस्तरत होता, आणि मी इकडे तो फसला म्हणून खूश होतो. इतकी वर्षं मी ज्याला त्याला कमी लेखत आलो. त्या सगळ्यांत कमी माणूस कोण, हे आता शोधायला नको.

घरी येऊन गुंडाळी उलगडली. तीन खणांत तीन टॉमी. चौथ्या खणात ट्यूबचा एक तुकडा घडी घालून ठेवलेला होता, शेजारी शेजारी दोन चिरांचा. पहिली ट्यूब दाजींनी अख्ख्या चंदीगडला दाखवली होती. ही त्यांनी कुणालाही दाखवली नाही.

मागच्या रविवारी मी जाऊन ते चाक उघडलं आणि पुन्हा बसवलं. काही कारण नव्हतं. दोन तास लागले, टाच सोलवटली. स्टूल अजून तिथेच आहे, आक्काने हलवलेलं नाही. हवा भरून झाल्यावर मी थोडा वेळ थांबलो. कुणी काही विचारलं नाही. मग मीच स्टुलाकडे बघून म्हणालो, "टाचेनं, दाजी."