हजार किलोमीटरवरचा भाऊ

मावशींचं इस्त्रीचं दुकान एका इमारतीच्या जिन्याखाली होतं. नवरा गेल्यावर त्यांनी ते एकटीनं चालवलं आणि दोन्ही लेकींना मार्गी लावलं. त्या धबडग्यात पाठचा भाऊ मात्र दूरच राहिला. पन्नाशी उलटली तरी घरात त्याला गोट्याच म्हणत. तो दुसऱ्या शहरात फिटर होता. बसनं जायचं तर एक रात्र आणि वर अख्खा दिवस. "पुढच्या वर्षी नक्की येते," असं मावशी दर वर्षी फोनवर सांगायच्या, आणि तो म्हणायचा, "ये गं सवडीनं, मी कुठे पळून चाललोय!"

एका सकाळी भावजयीचा फोन आला.

"वन्सं, ह्यांच्या छातीत कळ आली. उद्या सकाळी ऑपरेशन आहे. सारखं तुमचं नाव घेतायत."

मावशींनी इस्त्री बंद केली आणि त्या स्टुलावर बसल्या. रात्रीची बस धरली तरी पोचायला उद्याची संध्याकाळ होणार. तेवढ्यात विमानतळावर काम करणारी एक मुलगी आपला गणवेश न्यायला आली. मावशींचा चेहरा बघून तिनं विचारलं, आणि मावशींना रडूच फुटलं.

सगळं ऐकून ती म्हणाली, "मग विमानानं जा ना! पावणेदोन तासांत पोचाल."

"अगं, मला शेजारच्या गावाला नाही जायचं. हजार किलोमीटर आहे ते!"

"तेच म्हणतेय मी. दुपारचं विमान आहे. ओळखपत्र घ्या, दोन साड्या पिशवीत टाका. तिकिटाचं मी बघते."

ती नुसती तिकीट काढून थांबली नाही. स्वतःच्या स्कूटरवर बसवून तिनं मावशींना विमानतळावर नेलं, तपासणीपर्यंत सोबत केली आणि शेजारच्या प्रवाशाला बजावलं, "माझ्या मावशी आहेत, पट्टा लावून द्या हं!"

विमान वर चढताना मावशींनी डोळे गच्च मिटले. उघडले तेव्हा खाली ढगच ढग. जरा जीव स्थिरावतोय, तोच विमान उतरणार असल्याची सूचना झाली. मावशींना खरंच वाटेना. इतकी वर्षं आपण ज्याला परदेश समजत होतो, तो गोट्या इतक्या जवळ होता?

संध्याकाळी त्या इस्पितळात शिरल्या. भाऊ उशीला टेकून बसला होता. ताईला दारात बघून तो गांगरलाच.

"तू? सकाळी तर फोन केला! आलीस कशी?"

"उडत," मावशी म्हणाल्या.

तो हसायला लागला आणि छाती धरून गप्प झाला. नर्सनं दोघांनाही दटावलं. मग तो हळूच म्हणाला, "आता कापू दे काय कापायचंय ते." आणि ताईचा हात हातात घेऊन शांत झोपला.

ऑपरेशन नीट पार पडलं. भाऊ घरी येऊन चार पावलं चालायला लागेपर्यंत मावशी तिथेच राहिल्या. रोज संध्याकाळी दोघं बाल्कनीत बसून आईच्या आठवणी काढत. भावजय म्हणायची, "औषधापेक्षा ह्यांना तुम्हीच जास्त लागू पडलात."

परत आल्यावर मावशी दुकान न उघडता थेट त्या मुलीच्या दारात गेल्या. त्यांनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"बरे आहेत का भाऊ?" मुलीनं विचारलं.

"बरा आहे," मावशी म्हणाल्या. "तुझ्यामुळे भेटला मला तो, बाळा."