नरेश पायी चालत होता

माझा भाचा नरेश भरधाव गाडीनं मेला, हे खरं.
पण ती गाडी त्याची नव्हती. तो पायी चालत होता.

गेल्या वर्षी याच दिवशी त्याचा फोटो गावभर फिरला. डोक्यावर हेल्मेट, बाजूला त्याची लाल गाडी, आणि खाली कुणीतरी लिहिलं, "वेगाची नशा, जिवाची दशा."

लिहिणाऱ्याची बोटं मोडावीत असं वाटलं. अजूनही वाटतं.

म्हणून आज लिहितो आहे.

नरेश माझ्या ताईचा थोरला. सौंसरला संत्र्याचा व्यापार. एका चांगल्या बहराच्या वर्षी पोट्ट्यानं ती रेसिंगची कार आणली. इतकी बुटकी, की रामाकोना गावच्या स्पीडब्रेकरवर तिचं पोट घासायचं.

आणि रस्त्यावर चालवायचा कशी? मागून ट्रॅक्टरवाले हॉर्न मारायचे.
"नरेशभाऊ, उतरून धक्का मारू काय?"
हा हसून साइड द्यायचा.

वर्षातून एकदा गाडी ट्रकवर चढवायची, दूर दक्षिणेतल्या रेसट्रॅकवर न्यायची आणि तिथे पिसाटासारखी पळवायची. मी एकदा चिडलोच.
"अबे, पळवाले बी ट्रकवर नेतं? मंग घेतली कायले?"
"मामा, तुमच्या बाबांनं पटाची जोडी कायले बांधली होती?"



आमच्या दारात शंकरपटाची जोडी होती. शर्यतीचे बैल. नांगराला कधी जुंपले नाहीत, बाजाराला कधी नेले नाहीत. आम्हा पोरांआधी दूध त्यांना. वर्षभर दाव्याला फुरफुरायचे आणि पटाच्या मोकळ्या पट्टीवर असे सुटायचे, की मला शाळेतल्या पुस्तकातली एखादी कविता चालीसकट धावताना दिसायची. काय दिवस होते ते! धुळीला सुद्धा वृत्त होतं.

एकदा त्यातला एक गल्लीत सुटला. शेजारच्या म्हातारीच्या बरगड्या मोडल्या.
बाबांनी बैलाला हात लावला नाही. ज्यानं गाठ सैल बांधली, त्या माझ्या थोरल्या भावाला पाठ फुटेस्तोवर चाबकानं मारलं.

नरेश म्हणायचा, "मामा, रस्त्यावर कोणाची माय राहते, शेळी राहते, शाळेचं पोट्टं राहते. ट्रॅकवर मी आन् माही चूक, दोघंच राहतो."

तो शनिवार. आम्ही दोघं पहाटेच जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला पायी निघालो होतो. उजाडलं होतं. रस्त्याच्या अगदी कडेनं चालत होतो. मी सवयीनं चौथीतली एक कविता म्हणत होतो. एक ओळ अडली.

"थांबा मामा, मले येते," नरेश म्हणाला.
त्यानं अर्धी ओळ म्हटली.

मागून आधी वारा आला. आवाज नंतर.

माझ्या बाजूला नरेश नव्हता. तो कपाशीच्या शेतात पडला होता. एक पाय उलटा. चेहरा ओळखू येत नव्हता, आणि तो मी माझ्या धोतरानं पुसत राहिलो. काय पुसत होतो, देव जाणे.

काळी गाडी पुढे कडुनिंबावर चढली होती. दार फोडून लोकांनी आतलं पोरगं ओढून काढलं. विशीतलं, बाहेरगावचं. कुणी पट्ट्यानं हाणलं, कुणी दगडानं. नरेशचा धाकटा भाऊ मंगेश आला आणि त्यानं सरळ त्याचा गळा धरला.

पोरगं रक्त थुंकत एकच म्हणत होतं, "बस देख रहा था, कितनी भागती है."

पोलिसांनी सोडवलं नसतं, तर त्या दिवशी मंगेशच्या हातून दुसरं मढं पडलं असतं. मी सोडवायला गेलो नव्हतो.

पण राग कुठे जातो? तेरवीच्या दिवशी मंगेश लोखंडी सब्बल घेऊन नरेशच्या लाल गाडीपुढे उभा राहिला. काच फोडली. दिवा फोडला.
"हेच खाऊन राहिली आपल्या घराले! हिचे तुकडे करतो!"

सूनबाई, नरेशची बायको वैशाली, ओसरीवरून उतरली. रडून डोळे सुजलेले, आवाज मात्र कोरडा.
"फोडा भाऊजी. पण आधी मले सांगा, ह्या गाडीनं कोणाले मारलं? एका कोंबडीचं तरी रगत हाय काय तिच्यावर?"

मंगेशनं सब्बल वर धरली होती. तशीच धरून राहिला.

"तुमच्या हातात जो राग हाय न," ती म्हणाली, "तो घेऊन तुमच्या भावासारखं तिकडे ट्रॅकवर जा. इथं नका काढू. इथं पोरं खेळतात."

सब्बल खाली पडली.

ज्यांच्याकडे अशा गाड्या आहेत, त्यांनी ऐका. टायर झिजतात, गाडीची किंमत उतरते, म्हणून तुम्ही ट्रॅकवर जात नाही. आणि आमच्या रस्त्यावर बघता, किती पळते. झिजू द्या ना तुमचे टायर! आमची माणसं झिजत नाहीत, एका झटक्यात फुटतात.

गेल्या आठवड्यात मी, वैशाली आणि मंगेश लाल गाडी दुरुस्त करून, ट्रकवर चढवून त्या ट्रॅकवर गेलो. मंगेशला आधी तिथल्या लोकांनी शिकवलं, मग गाडी हातात दिली. मलाही बसायचं होतं, पण माझं वय ऐकून ते हसले.

मंगेशनं गाडी हाणली. चालवली नाही, हाणली. वर्षभराचा सगळा खून त्याच्या पायात उतरला होता. तिसऱ्या फेरीत वळणावर गाडी फिरली, भोवऱ्यासारखी गरगरली आणि टायरांच्या भिंतीवर आदळली.

वैशाली किंचाळली.

धुळीतून मंगेश बाहेर आला. नाकातून रक्त. खाली बसला आणि हंबरडा फोडला. वर्षभरात पहिल्यांदा रडला.

वैशालीनं पदरानं त्याचं नाक पुसलं. "उठा भाऊजी. बंपरच तुटला. कोणी मेलं नाही."

नरेश, बाबू, मोठ्यानं लहानाच्या पाया पडू नये म्हणतात.
आज पडतो. घे मामाचा नमस्कार.